तळ्यांतील चिमुकले जीव आणि बदलते हवामान

(पिपरी मेघे येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा हा मजकूर. त्या दिवशी जे येऊ शकले नाहीत, त्यांच्यासाठी तो येथे दिला आहे.)



हवामान बदलत चालले आहे, हे आता कोणी कोणास सांगावयास नको. वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे आपणास नवे नाही. मृगाच्या पहिल्या सरीवर विसंबून पेरणी करावी, पुढे पावसाने दडी मारावी आणि पेरलेले बी वावरातच करपून जावे, हेही आपल्याकडे घडते. दुबार पेरणी हा शब्द शेतकऱ्याच्या घरातील लहान मुलासही ठाऊक असतो. हवामानबदलाचा विषय निघाला की वितळणारे बर्फाचे डोंगर, चढणारा समुद्र आणि कारखान्यांची धुराडी यांविषयी पुष्कळ बोलले जाते. मी मात्र आज आपले लक्ष फार लहान गोष्टीकडे वेधणार आहे. तांदळाच्या कणीएवढे, काही तर तिच्याहूनही लहान असे जीव आपल्या गावाभोवतीच्या तळ्यांत, डबक्यांत, विहिरींत राहतात. पाणी बदलू लागले म्हणजे त्याची खबर त्यांना आपल्या आधी लागते. ती खबर आपल्यापर्यंत कशी पोहोचावी, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

खेकडा आणि झिंगा आपणा सर्वांच्या ओळखीचे आहेत. अंगावर कवच, पायांना सांधे आणि आत हाडांचा सांगाडा नाही, अशी या कुळाची ठेवण असते. शास्त्रात या कुळास कवचधारी प्राणी म्हणतात. समुद्रातील शेवंडे आणि खाडीतील कोळंबी ही या घराण्यातील मोठी मंडळी होत. यांचेच अगदी छोटे भाऊबंद गोड्या पाण्यात असतात. पाणपिसू हा त्यांपैकी एक. तो पिसवेसारखा उड्या मारीत पोहतो म्हणून त्यास हे नाव पडले. एरवी पिसवेशी त्याचे काही नाते नाही. दुसरा सायक्लॉप्स. याच्या डोक्यावर मधोमध एकच डोळा असतो. ग्रीक पुराणात याच नावाचा एकडोळ्या राक्षस आहे, त्यावरून हे नाव आले. तिसऱ्या प्रकारचे जीव दोन शिंपल्यांमध्ये मिटून राहतात; पाहणाऱ्यास वाटावे की मसुरीचा दाणाच पोहत आहे. चौथा एक नाजूक, जवळजवळ पारदर्शक झिंगा असतो. तो नेहमी उताणा पोहतो आणि त्याचे पाय वरच्या बाजूस अखंड हलत असतात. पावसाळ्यात शेताच्या कडेला साचलेल्या गढूळ पाण्यात हे जीव सापडू शकतात.

हे जीव काय करतात? पाण्यात जे हिरवे सूक्ष्म शेवाळ वाढते, ते पाणपिसू गाळून खातो. माशांची पिले पाणपिसू खातात आणि त्या माशांवर बगळे व माणसे जगतात. म्हणजे तळ्यातील हिरवळ आणि आपल्या ताटातील मासा यांच्यामधली ही एक कडी आहे. ही कडी तुटली तर शेवाळ खाणारे कोणी उरत नाही, पाणी हिरवेगार होऊन त्यास वास येऊ लागतो आणि पिले उपाशी राहतात. हे सर्व डोळ्यांना दिसण्यापूर्वी पाणपिसवांची संख्या व जात बदललेली असते.

इतक्या लहान जीवाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. त्यास उत्तर म्हणून नारूची आठवण करून द्यावीशी वाटते. आजच्या मुलांनी नारू पाहिलेला नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु घरातील वृद्धांना विचारा. पायावर फोड येई, तो फुटे, आणि त्यातून सुतासारखा पांढरा किडा बाहेर येऊ लागे. त्याची लांबी हातभर किंवा त्याहूनही अधिक असे. तो काडीवर गुंडाळीत रोज थोडाथोडा ओढावा लागे. हा रोग फार जुना आहे. बुखाऱ्याकडील थोर हकीम इब्न सीना यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या वैद्यकग्रंथात त्याचे वर्णन मदिना शहराच्या नावाने केले आहे आणि आजच्या शास्त्रीय नावातही तो उल्लेख टिकून आहे. मात्र हा किडा माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे १८७० साली कळले. फेडचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने तुर्कस्तानच्या प्रदेशात दाखवून दिले की, नारूची सूक्ष्म पिले सायक्लॉप्सच्या पोटात वाढतात. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की त्याच्या फोडातून पिले पाण्यात पडत, सायक्लॉप्स ती गिळी, आणि ते पाणी न गाळता जो पिई त्याच्या अंगातून सुमारे वर्षभराने नारू बाहेर पडे.

१९८४ मध्ये आपल्या देशात नारूचे सुमारे ४० हजार रोगी मोजले गेले. रोग असलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. त्या रोगावर लस नव्हती आणि आजही नाही. तरीही तो गेला. पायऱ्यांच्या विहिरी बांधून बंद केल्या, हातपंप बसविले, पाण्यात औषध टाकले आणि घरोघरी दुहेरी फडक्यातून पाणी गाळण्याची सवय लावली. गावोगाव फिरून प्रत्येक रोग्याची नोंद ठेवली. भारतातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. डोळ्यास जेमतेम दिसणारा एक जीव ओळखता आला आणि त्याची वाट अडविता आली, म्हणून हे घडले. पाणी गाळणाऱ्या आपल्या आया-आज्यांचा या कामात कोणत्याही डॉक्टराइतकाच वाटा आहे.

याच सायक्लॉप्सच्या कुळाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. त्यातील काही मोठ्या जाती डासांच्या नुकत्याच जन्मलेल्या अळ्या खातात. व्हिएतनाममध्ये लोकांनी घराबाहेरील पाण्याच्या टाक्यांत व रांजणांत हे जीव सोडले. अनेक गावांतून डेंग्यू पसरविणारा डास त्यामुळे नाहीसा झाला. या कामाचा वृत्तांत २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका ठिकाणी रोग वाहणारा जीव दुसऱ्या ठिकाणी रोग थोपवितो. तेव्हा या प्राण्यांना सरसकट घाण म्हणून मोकळे होता येत नाही; कोणता जीव कोठे आहे, हे नीट पाहावे लागते.

आता आपल्या स्वतःच्या मुलखाकडे वळू. या विषयाच्या इतिहासात नागपूरचे नाव फार पूर्वी कोरले गेले आहे आणि नागपूर येथून काही लांब नाही. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून आलेले पाद्री १८४५ पासून नागपुरात राहत होते. हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. शाळा चालविता चालविता ते आसपासचे दगड, झाडे, शिंपले आणि पाण्यातील किडे गोळा करीत. नागपूरकडील तळ्यांतून त्यांनी काही चिमुकले कवचधारी जीव लंडनला पाठविले. ब्रिटिश म्युझियममधील विल्यम बेअर्ड यांनी १८५९ साली त्यांचे वर्णन तेथील प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे ठेवले. त्यांत दोन शिंपल्यांत राहणारा, काही मिलिमीटर लांबीचा एक जीव होता. त्यास हिस्लॉप यांचे नाव मिळाले. आज शास्त्रज्ञ त्यास सायक्लेस्थेरिया हिस्लोपी म्हणतात. पाणपिसवांचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग शोधू गेल्यास ते याच्या घरी सापडतात, म्हणून जगभरच्या अभ्यासकांना तो ठाऊक आहे. तो आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका अशा सर्व उष्ण प्रदेशांत आढळतो असे दीर्घकाळ समजले जाई. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीवरून दिसून आले की, त्या एका नावाखाली खरोखर अनेक जाती दडलेल्या आहेत. त्यामुळे ज्या पाण्यातून पहिला नमुना उचलला गेला, त्या नागपूरकडील पाण्याचे महत्त्व आता अधिकच वाढले आहे.

हिस्लॉप यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. आपल्या काळ्या मातीखाली लाव्हाचा खडक आहे. गिरडच्या डोंगरावर जे गोल खडे सापडतात आणि ज्यांच्याविषयी शेख फरीदबाबांची कथा सांगतात, ते याच लाव्हातील होत. लाव्हाचे थर एकावर एक साचताना मधल्या काळात जमिनीवर गोड्या पाण्याची तळी होती. त्या तळ्यांचा गाळ दगड होऊन थरांच्या मध्ये अडकून राहिला आहे. नागपूरजवळच्या टाकळी येथील अशा दगडांत शिंपल्यांसोबत दोन झाकणांच्या चिमुकल्या कवचधारी जीवांची कवचेही मिळतात. ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची आहेत. डायनोसॉर गेले, पण ह्या छोट्यांचे घराणे आजही आपल्या डबक्यांत नांदत आहे. हिस्लॉप मात्र १८६३ च्या पावसाळ्यात टाकळघाटहून बोरीकडे येताना पुराच्या नाल्यात बुडून वारले. वर्धेहून नागपूरला जाताना आपण बोरीवरूनच जातो.

साडेसहा कोटी वर्षे टिकण्याची युक्ती कोणती, हे समजून घेणे फार मनोरंजक आहे. उन्हाळ्यात डबके आटते, चिखलास भेगा पडतात आणि त्यातील प्राणी मरतात. परंतु मरण्यापूर्वी त्यांनी जाड कवचाची अंडी चिखलात टाकलेली असतात. ही अंडी वर्षानुवर्षे कोरडी राहून, उन्हात तापूनही जिवंत राहतात. जॉर्ज ओसियन सार्स या नॉर्वेच्या प्राध्यापकाने १८८० नंतरच्या काळात ऑस्ट्रेलियातील तळ्याचा वाळलेला चिखल जहाजातून मागविला, घरी काचेच्या भांड्यात पाणी घालून तो भिजविला आणि त्यातून जिवंत प्राणी वाढविले. त्यांतच हा हिस्लॉपचा जीव निघाला आणि सायक्लेस्थेरिया हे नाव सार्स यांनीच १८८७ मध्ये त्यास दिले. चिखलाच्या मुठीत एका तळ्याचे पुढील आयुष्य साठविलेले असते, ते असे.

यापेक्षाही शहाणपणाची गोष्ट पुढे आहे. पहिला पाऊस पडला म्हणून सगळी अंडी एकदम उबत नाहीत. काही उबतात आणि बाकीची चिखलात तशीच थांबतात. काही पुढच्या पावसाची वाट पाहतात, काही तर पुढील वर्षांची. पहिल्या सरीने भरलेले डबके जर पाच-सहा दिवसांत आटले, तर उबलेली पिले वाढण्याआधीच मरतात. उताण्या पोहणाऱ्या झिंग्यास मोठे होऊन अंडी घालावयास साधारण एक-दोन आठवडे पाणी लागते. तेवढे पाणी टिकले नाही तर ती पेरणी फुकट गेली. परंतु राखून ठेवलेले बी जमिनीत शिल्लक असते, त्यामुळे वंश बुडत नाही. शेतकरी दुबार पेरणीसाठी पोत्यात थोडे बी राखून ठेवतो, तसाच हा प्रकार आहे.

आता हवामानबदलाचा घाव कोठे बसतो ते ध्यानात येईल. राखीव बी एक-दोन वाईट वर्षे निभावते. वाईट वर्षे वरचेवर येऊ लागली, तर दरवेळी राखीव साठ्यातून काही अंडी खर्ची पडतात आणि नवी भर पडत नाही. बँकेतून पैसे काढतच राहिले आणि जमा काहीच केले नाही, तर खाते किती दिवस चालेल? केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की, १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते १९८० या काळाच्या मानाने १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातील कोरडे खंड २७ टक्क्यांनी अधिक आढळले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखविले की, मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. म्हणजे एकीकडे पावसात मोठा खंड, दुसरीकडे एकदम कोसळणारा पाऊस. खंड पडला की डबके अकाली आटते. कोसळला की नाला फुगून डबक्यात शिरतो, गाळ आणतो आणि मासेही आणतो. आटणाऱ्या डबक्यात मासे नसतात, म्हणून तर हे उघडेवाघडे जीव तेथे जगतात.

बारमाही तळ्यांत आणि विहिरींत त्रास निराळा आहे. पाणी जसे तापते, तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. शून्य अंशाला एका लिटर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना सुमारे ९.१, ३० अंशांना सुमारे ७.५ आणि ३५ अंशांना ७ पेक्षाही थोडा कमी. दुसरीकडे, पाणी तापले की प्राण्याच्या शरीरातील सर्व व्यवहार जलद होऊन त्यास प्राणवायू अधिक लागतो. गरज वाढते आणि पुरवठा घटतो. अशा वेळी काही पाणपिसू अंगात लाल रक्तद्रव्य वाढवितात आणि चक्क तांबडे दिसू लागतात. उष्ण पाण्यात लहान आकाराच्या जाती तग धरतात आणि मोठ्या मागे पडतात. मोठा पाणपिसू जितके शेवाळ गाळतो तितके लहान गाळू शकत नाहीत. त्यात शेतातील खत वाहून आले, तर निळे-हिरवे शेवाळ माजते. ते पाणपिसवांना नीट खाता येत नाही आणि त्याच्या काही जाती विषारीही असतात. गुरे तेच पाणी पितात.

हे सर्व तर्काने सांगितले असे कोणी समजू नये. थंड प्रदेशांतील तळ्यांवर हे प्रत्यक्ष मोजले गेले आहे. जगातील २३५ सरोवरांचा हिशेब २०१५ मध्ये एकत्र मांडला गेला, तेव्हा उन्हाळ्यातील पृष्ठभागाचे पाणी सरासरीने दर दहा वर्षांस ०.३४ अंशाने तापत असल्याचे दिसले. कॅनडाच्या अगदी उत्तरेस, एल्समिअर बेटावरील उथळ तळ्यांची पाहणी दोन शास्त्रज्ञ १९८३ पासून करीत होते. हजारो वर्षे टिकलेल्या त्या तळ्यांपैकी काही जुलै २००६ मध्ये पूर्ण आटलेली त्यांना आढळली. उत्तरेकडे चार महिने टिकणारे डबके बुजले वा आटले, तर त्यास वर्तमानपत्रात जागा मिळते. आपल्याकडचे आटले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सायबेरियातील बैकल सरोवराची हकीकत तर प्रत्येक शाळेत सांगावी अशी आहे. हे जगातील सर्वांत खोल सरोवर, खोली १६४२ मीटर. इर्कुत्स्क विद्यापीठाचे प्राध्यापक मिखाईल कोझोव यांनी दुसरे महायुद्ध संपण्याच्या सुमारास एक नेम धरला. आठ-दहा दिवसांनी किनाऱ्यापासून ठरलेल्या जागी जावयाचे, निरनिराळ्या खोलीचे तापमान घ्यावयाचे, जाळीने पाणी गाळून त्यातील जीव मोजावयाचे आणि वहीत लिहावयाचे. हिवाळ्यात बर्फास भोक पाडून हे काम चाले. त्यांच्यामागे त्यांची कन्या ओल्गा कोझोवा यांनी ते चालविले आणि तिच्यामागे नात ल्युबोव इझ्मेस्त्येवा यांनी. देशातील राज्यव्यवस्था कोलमडली, पैसा आटला, पण वही बंद पडली नाही. २००८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांसह त्या नोंदींचा हिशेब प्रसिद्ध झाला. १९४६ पासून सरोवराच्या पृष्ठभागाचे पाणी १.२१ अंशाने तापले होते आणि ऊब मानवणाऱ्या पाणपिसवांच्या कुळाची संख्या ३३५ टक्क्यांनी, म्हणजे चौपटीहून अधिक वाढली होती. एवढे अवाढव्य थंड पाणी इतक्या लवकर बदलणार नाही असे जाणकारांना वाटत होते. आजोबा, मुलगी आणि नात यांच्या वहीने तो समज खोटा पाडला.

वही नसेल तर कधीकधी चिखलच वहीचे काम करतो. अमेरिकेत मिनेसोटातील एका सरोवराच्या तळाशी सुमारे ७०० वर्षांपूर्वी पडलेली पाणपिसवाची अंडी संशोधकांनी उबवून दाखविली. ते काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधील एका तळ्याच्या गाळातून दोन निरनिराळ्या काळांतील अंडी काढून उबविली, तेव्हा अलीकडच्या थरातील पाणपिसू जुन्या थरातील पूर्वजांपेक्षा अधिक उष्णता सहन करतात असे २०१५ मध्ये दिसून आले. अवघ्या तीस-चाळीस वर्षांत त्या जातीने स्वतःस बदलले होते. यात दिलासा आहे खरा, पण त्यास मर्यादा आहे. ज्या तळ्याचा गाळच उपसून टाकला, ज्या डबक्यावर मुरूम टाकून रस्ता केला, तेथे बदलावयास कोणी उरत नाही.

महाराष्ट्रात अद्याप शोधावयाचे किती शिल्लक आहे, याचे एक उदाहरण देतो. सह्याद्रीच्या परिसरातील पावसाळी डबक्यांतून उताण्या पोहणाऱ्या झिंग्याची एक नवी जात २०१४ मध्ये शास्त्रास कळली आणि तिला सह्याद्रीचेच नाव दिले गेले. ही डबकी लाखो लोकांनी पाहिली असतील, गुरांनी त्यांतून पाणी प्याले असेल. त्यांत कोण राहते हे कोणी विचारले नव्हते, इतकेच. जून २०२० मध्ये आपल्या विदर्भातील लोणारचे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा गावोगावचे लोक पाहावयास धावले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात राहणारे सूक्ष्मजीव फोफावले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. रंग पालटला म्हणून ते सर्वांना दिसले. पाणपिसू गेले तर पाण्याचा रंग एका दिवसात पालटत नाही, म्हणून त्यांच्याकडे मुद्दाम पाहावे लागते.

पिपरी मेघे हे वर्धा शहरास लागून वाढलेले गाव. शहर वाढू लागले की सर्वप्रथम सखल जागा बुजतात, कारण डबके म्हणजे रोगराई अशी आपली समजूत असते. ती अगदीच खोटी नाही. घराजवळ साचलेल्या घाण पाण्यात, टायरात, कुंडीत, उघड्या टाकीत डास होतात आणि ते पाणी काढून टाकलेच पाहिजे. परंतु वावराच्या कडेचे पावसाळी डबके आणि मोरीचे तुंबलेले पाणी यांत फरक आहे. डास मारावेत म्हणून गप्पी मासे सोडतात, ते सिमेंटच्या टाक्यांत जरूर सोडावेत. नैसर्गिक डबक्यात सोडले तर ते डासाच्या अळ्यांबरोबर हे सर्व जीवही फस्त करतात. तसेच तळ्याचा गाळ उपसताना एखादा कोपरा न उपसता ठेवावा. उपसलेला गाळ वावरात टाकणे चांगले आहे, परंतु तळ्याचे राखीव बी सगळेच वावरात गेले तर तळे कोठून पेरले जाणार?

आता करावयाचे काय, ते सांगतो. यास प्रयोगशाळा लागत नाही. एक भिंग, एक थर्मामीटर, मलमलच्या किंवा जुन्या ओढणीच्या कापडाची एक गाळणी, पांढरी थाळी आणि एक जाडजूड वही, एवढे पुरे. वैशाखात, डबके पूर्ण कोरडे असताना, तेथील वरचा चिखल एक मूठभर आणावा. वर्गात एखाद्या पसरट भांड्यात तो ठेवून त्यावर पावसाचे किंवा दोन दिवस उघडे ठेवलेले नळाचे पाणी घालावे. भांडे उजेडात पण कडक उन्हापासून दूर ठेवावे. चिखलात अंडी असतील तर काही दिवसांत सुईच्या टोकाएवढे ठिपके हलू लागतील. भिंगातून ते पाहताना मुलांचे चेहरे कसे होतात, ते शिक्षकांनी स्वतःच पाहावे.

पाऊस सुरू झाल्यावर दोन-तीन जागा निश्चित कराव्यात: एक डबके, एक तळे आणि जमल्यास धाम नदीच्या काठची एखादी संथ जागा. दर आठवड्यास एकाच वारी, एकाच वेळी तेथे जावे. वहीत तारीख लिहावी, पाण्याचे तापमान लिहावे, पाण्याची खोली काठीने मोजून लिहावी आणि ठरावीक पाच लिटर पाणी गाळून त्यात काय निघाले ते लिहावे. नावे माहीत नसली तरी चालेल. उड्या मारणारा, एकडोळ्या, दाण्यासारखा, उताणा, अशी चार घरे आखून त्यांत आकडे भरावेत. डबके कोणत्या दिवशी भरले आणि कोणत्या दिवशी आटले, या दोन तारखा सर्वांत महत्त्वाच्या. काही सापडले नाही तर शून्य लिहावे. शून्य हीदेखील नोंद आहे.

काही पथ्येही पाळावीत. मुलांनी शिक्षकांशिवाय पाण्याजवळ जाऊ नये, विहिरीवर तर मुळीच नाही. पाण्यात हात घातल्यावर साबणाने धुवावेत. एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात सोडू नयेत. पाहून झाले की होते तेथेच परत सोडावेत. पिण्याचे पाणी नेहमीप्रमाणे गाळून व शुद्ध करूनच घ्यावे.

या वहीचा उपयोग काय, असे पालक विचारतील आणि ते रास्त आहे. पहिल्या वर्षी तिचा काहीच उपयोग होणार नाही. पाच वर्षांनी डबके आता किती दिवस टिकते, हे गावास आकड्यांत सांगता येईल. दहा वर्षांनी कोणता जीव दिसेनासा झाला आणि कोणता नवा आला, हे सांगता येईल. पाणलोटाची, शेततळ्यांची, गाळ उपसण्याची कामे गावात निघतात. त्या वेळी ग्रामसभेत कोणी वही उघडून बोलला तर त्याच्या शब्दास वजन येते. शिवाय आपल्या मुलामुलींना विज्ञान पाठ करण्याऐवजी करावयास मिळेल. ही वही मुलींच्या हाती विशेष द्यावी, असे मी सुचवितो; बैकलची वही दोन पिढ्या स्त्रियांनीच सांभाळली, हे त्यांना आवर्जून सांगावे.

आपल्या वडीलधाऱ्यांना रोजनामचा लिहिण्याची सवय होती. दुकानाची आवक, शेताचा खर्च, पावसाची तारीख, घरातील जन्म आणि मृत्यू, सर्व त्यात असे. त्याच रोजनामच्यात एक पान तळ्यासाठी राखून ठेवावे, एवढीच आपणास विनंती आहे. या वर्षी जो विद्यार्थी सातवीत आहे, त्याने लिहिलेले पान त्याच्या धाकट्या भावंडाने पुढे चालवावे आणि शाळा सोडताना वही पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. येत्या मृगाच्या आधी चिखलाची पहिली मूठ शाळेत यावी. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत तिची हकीकत विद्यार्थ्यांच्याच हातची वाचावयास मिळेल, अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.